एकाच लगडीतले आम्ही दोघे

मी एक जुना स्फटिक आहे, आणि मित्रांनो, पहिल्याच दमात कबूल करून टाकतो, मला माझ्या सख्ख्या भावाचा हेवा वाटतो. आजकाल वाटू लागला असे नाही, जन्मल्यापासून वाटतो. आपली गोष्ट सांगायला बसले की लोक आधी गुण सांगतात. माझ्याकडे सांगण्यासारखे गुण थोडे, म्हणून मी दोषापासून सुरुवात केली.

दिसायला आम्ही मिठाच्या मोठ्या खड्यासारखे. जातीने मिठाचेच नातलग, पण वजनाला कितीतरी जड. एका उंच भट्टीत पांढरी पूड वितळवली आणि ती तळाकडून वर अशी हळूहळू गोठवत नेली. घाई केली तर तडा जातो, म्हणून या कामाला बरेच दिवस लागले. शेवटी एक लांबट, आरपार दिसणारी लगड तयार झाली. मग करवतीने तिचे तुकडे पाडले. तळाकडच्या तुकड्यातून माझा भाऊ निघाला आणि माथ्याकडच्या तुकड्यातून मी.

वरचा म्हणून मी शेफारावे, तर तेही नशिबात नव्हते. वितळलेली पूड गोठत जाते तशी ती आपल्यातला मळ पुढे पुढे ढकलते, आणि जो भाग शेवटी गोठतो त्यात तो सगळा साचतो. भावाने आधी गोठून स्वतःचे अंग स्वच्छ ठेवले आणि घरातला सगळा मळ माझ्या पदरात टाकला. यात त्याचा काय दोष, असे तुम्ही म्हणाल. मलाही ते कळते. पण कळले म्हणून पोटात दुखायचे थांबत नाही.

आम्हांला घासूनपुसून चकचकीत केले आणि तपासणीच्या खोलीत नेले. तिथे पांढरा कोट घातलेली एक तपासनीस होती. ती प्रत्येक स्फटिकावर किरणांचा मारा करायची आणि तो आतून किती उजळतो ते मोजायची. भावाला मोजल्यावर तिने शेजारच्या टेबलावरच्या दोघांना हाक मारली, हे बघा, असा रोज येत नाही म्हणाली. मला तिने तीनदा मोजले. तीनदा मोजले म्हणजे कौतुक नव्हे, हे मला तेव्हाच समजले. भावाच्या कागदावर तिने 'उत्तम' असे लिहिले आणि माझ्या कागदावर 'चालेल'. त्या एका 'चालेल'वर मी पुढची पंधरा वर्षे काढली.

मग आमच्या अंगाभोवती पांढरा कागद, त्यावर चमकता पत्रा, आणि पाठीला प्रकाश टिपणारा डोळा बसवला. त्या डोळ्यातून एक तार निघते. आम्ही उजळलो की तार ती बातमी संगणकापर्यंत पोचवते. संगणकात प्रत्येक स्फटिकाची एक खुर्ची ठरलेली असते आणि आपल्या तारेतून येणारा आवाज आपल्या खुर्चीवर उमटतो. अशा हजारो स्फटिकांची एक मोठी पोकळ पिंपासारखी भिंत रचली. इतक्या हजारांत भाऊ कुठेतरी लांब जाईल अशी माझी आशा होती. पण तो नेमका माझ्याच रांगेत आला. आमच्या दोघांमध्ये फक्त चार जण, आणि तारा तर एकाच पाटीवर, शेजारशेजारच्या खोबणींत.

आता आमचे काम सांगतो. त्या पिंपाच्या मधून एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने त्यांचे उलट भाऊबंद पॉझिट्रॉन. ते एकमेकांवर आदळले की दोघेही नाहीसे होतात आणि त्या ऊर्जेतून नवे, जड कण जन्माला येतात. हे जड कण डोळ्याची पापणी लवायच्या कितीतरी आधी फुटतात. त्यांचे तुकडे चहूकडे उडतात आणि आमच्यात येऊन शिरतात. तुकडा शिरला की आम्ही उजळतो. कोण किती उजळला यावरून माणसे ओळखतात की जड कण फुटला तो कसा फुटला.

बहुतेक वेळा तो नेहमीच्याच पद्धतींनी फुटतो. पण आमच्या बाईंना नेहमीच्या पद्धती नको होत्या. बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतल्या एका गटाच्या प्रमुख. केस काळे होते तेव्हापासून त्या एकाच गोष्टीच्या मागे होत्या. जड कण क्वचित, लाखो वेळांत मोजक्या वेळा, असा फुटतो की त्यातून एकच तुकडा दिसतो आणि बाकीची ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे दोन कण घेऊन जातात. न्यूट्रिनो कुणालाच सापडत नाहीत. भिंत असो, डोंगर असो, ते आरपार निघून जातात. म्हणून बाईंना शोधायचे होते ते असे: एक तुकडा दिसला आणि बाकी सगळीकडे शांतता. एकाही जास्तीच्या स्फटिकाने चमकायचे नाही. बाईंचे यजमान शाळेत शिक्षक होते. ते फोनवर रोज विचारायचे, सापडलं का तुझं ते काहीच नाही? बाई हसून म्हणायच्या, अजून नाही, ते सहज सापडत नाही.

दर महिन्याच्या अखेरीला आमच्या सगळ्यांवर सारखाच किरणांचा मारा करत आणि कोण किती उजळतो याची यादी काढत. भाऊ नेहमी वरच्या दहांत. मी कुठे, ते पाहायला यादी शेवटून वाचावी लागे. यादी वाचताना भावाच्या आकड्यापाशी बाईंचा चेहरा खुलायचा. माझ्यापाशी त्या नुसत्या मान डोलवायच्या आणि पान उलटायच्या. असे पान उलटले गेले की माझा जळफळाट व्हायचा. वाटायचे, देवा, एकदा, फक्त एकदा, याचा आकडा खाली येऊ दे.

मित्रांनो, तसेच झाले. आणि ते कसे झाले ते नीट ऐका.

आमच्या तारांची देखभाल काका करत. सगळे त्यांना काकाच म्हणत. कपाळावर दिवा बांधून ते शिडी चढायचे आणि खोबणीतली एकेक तार पुसून पुन्हा लावायचे. त्यांचा नियम ठरलेला होता. एक तार काढायची, पुसायची, लावायची, मगच दुसरीला हात लावायचा. नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते हेच सांगत, आणि दुसऱ्या दिवशीही हेच सांगत. तीस वर्षांत त्यांची एक तार चुकली नव्हती, आणि हे ते स्वतःच लोकांना अधूनमधून ऐकवायचे. काम झाले की वहीत तारीख घालून 'सर्व ठीक' असे लिहायचे आणि सही ठोकायची.

त्या महिन्यात आमच्या पिंपाचे दार तीनदा उघडावे लागले, कारण कुठेतरी थंड हवेची नळी गळत होती. तिन्ही वेळा वेगवेगळ्या माणसांनी आमच्या पाटीला हात लावला, त्यांत एकदा काका होते. महिन्याच्या शेवटी यादी आली आणि सगळ्यांनी तोंडात बोटे घातली. भाऊ घसरून तळाशी गेला होता. आणि मी? मी वरच्या दहांत होतो.

बाईंनी माझ्या आकड्यावर बोट ठेवले आणि त्या म्हणाल्या, अरे वा, हा तर सुधारला. पंधरा वर्षांत प्रथमच कुणी माझ्यावर बोट ठेवून पान उलटायचे थांबले होते. माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटू लागल्या. मला शंका यायला हवी होती. जन्माचा मळ म्हातारपणी आपोआप निघून जात नाही. पण स्तुती चालू असताना शंका कुणाला येते?

पुढचे वर्षभर मी मजेत होतो. भावाबद्दल कुणी काही वाईट बोलले की मी कान टवकारून ऐकायचो. त्याचे वय झाले, आत ओल शिरली असेल, अशी कारणे लोक शोधत. मग त्याची दुसरीच तक्रार येऊ लागली. इलेक्ट्रॉन माझ्या आसपास येऊन पडला की तो लांब बसून उगाच चमकतो. मला वाटे, बघा, माझ्याकडे लक्ष गेले की याला राहवत नाही. आता याला कळेल हेवा म्हणजे काय. इतके वाईट विचार मी केले आणि प्रत्येक विचाराची मला गोडी लागली.

इकडे बाईंचा शेवटचा मोठा दिवस जवळ येत होता. त्यांच्या कामात एक कडक रीत आहे. ज्या टकरींत हवे ते सापडण्याची शक्यता असते, त्या संगणकात झाकून ठेवतात. त्यांच्याकडे कुणी पाहायचे नाही, स्वतः बाईंनीही नाही. आधी सगळे नियम ठरवायचे, कोणता स्फटिक विश्वासाचा आणि कोणता खोडायचा याची यादी पक्की करायची, आणि मगच झाकण काढायचे. कारण माणूस हावरा असतो. हवे ते दिसावे म्हणून तो नकळत नियम वाकवतो. झाकण काढल्यावर आकडा कमी निघाला तरी पुन्हा यादीला हात लावता येत नाही. या झाकणाखाली बाईंची अकरा वर्षे होती, आणि त्यानंतर दोन महिन्यांनी त्या निवृत्त होणार होत्या.

खोडायच्या यादीत सगळ्यांत वर भावाचा क्रमांक होता. जन्मापासून मंद असलेला चालतो, त्याचा अंदाज असतो. पण जो अचानक घसरला आणि वर भलतीकडे चमकतो, त्याचा भरवसा कोण देणार? प्रयोगावर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या लोकांचे असे म्हणणे पडले आणि बाईंच्या सहीपुरते काम उरले. मी त्या सहीची वाट पाहत होतो. एकदा रेघ मारली की त्या खुर्चीचा आवाज कायमचा बंद. मग आमच्या लगडीतला उरलेला मी एकटा.

पण बाईंनी सही केली नाही. त्यांचे लक्ष भावाकडे नव्हते, माझ्याकडे होते. घसरणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते, म्हातारपणी सुधारणारा एकही पाहिला नव्हता. आणि ज्या महिन्यात एक घसरला, त्याच महिन्यात त्याच्याच पाटीवरचा दुसरा सुधारावा? त्यांनी झाकलेल्या टकरींना हात न लावता, साध्या टकरींमधले इलेक्ट्रॉन तपासले. इलेक्ट्रॉन येऊन पडतो तेव्हा मधला स्फटिक आणि त्याचे शेजारी सगळे मिळून उजळतात. पण माझ्या खुर्चीपाशी शेजारी उजळत आणि मधे मी मात्र काळा. त्याच क्षणी चार घरे सोडून भावाची खुर्ची एकटीच चमके.

दुपारच्या चहानंतर टकरी थांबवून दार उघडले. काका शिडीवर चढले आणि बाई खाली उभ्या राहिल्या. काकांनी कपाळावरचा दिवा आमच्या पाटीवर पाडला, दोन खोबणींवरून बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

"मॅडम, ह्या दोन उलट लागल्यात," ते म्हणाले.

बाई म्हणाल्या, "मला तसंच वाटलं होतं. पण कधीपासून, ते कळायला हवं. त्या महिन्यात तीन जणांनी हात लावलाय. नेमका दिवस कागदावर मिळाला तर त्या दिवसापासूनच्या सगळ्या टकरींत दोन्ही खुर्च्यांची नावं सरळ करता येतील. नुसत्या आकड्यांवरून मी तारीख काढली, तर समिती म्हणेल सोयीची तारीख काढली."

काकांनी त्या दोन खोबणींवरची धूळ बोटाने पुसली. मी त्यांच्या अगदी जवळ होतो, मित्रांनो, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. तिघांपैकी कुणाचेही नाव पुढे येऊ शकत होते. बाकीचे दोघे नोकरी सोडून गेलेले. वहीत तिन्ही दिवशी 'सर्व ठीक' असेच लिहिलेले. काका गप्प राहिले असते तर त्यांना विचारायला कुणी आले नसते.

"माझी नात झाली त्या दिवशी," काका म्हणाले. "एक तार पुसून झाली होती, लावायची होती. दुसरीवर पण धूळ दिसली म्हणून ती पण काढली. म्हटलं, दोनच तर आहेत. तेवढ्यात जावयाचा फोन आला. मुलगी झाली म्हणाला, दोघी बऱ्या आहेत म्हणाला. मी दोन्ही लावल्या आणि पळालो."

"वहीत 'सर्व ठीक' लिहिलंय तुम्ही."

"लिहिलंय ना. त्याच पानावर खाली आता काय झालं ते लिहितो. सही माझीच आहे वर, खाली पण माझीच करतो."

हे ऐकताना माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडत होता. तारा उलट लागल्या होत्या, म्हणजे वर्षभर ज्याची स्तुती झाली तो आवाज माझा नव्हता. तो भावाचा होता आणि माझ्या खुर्चीवर उमटत होता. आणि भावाच्या खुर्चीवरचा मंद, बेभरवशाचा म्हणून जो आवाज लोकांनी झोडपला, तो माझाच. लांब बसून उगाच चमकतो म्हणून मी ज्याला हसत होतो, तो मीच होतो.

काकांनी शिडीवरूनच विचारले की एवढी उठाठेव करण्यापेक्षा दोन्ही खुर्च्या बंदच का करत नाही, हजारांतल्या दोन गेल्या तर काय बिघडते, आणि त्यातला एक तर पहिल्यापासून असा तसाच आहे. त्यांना स्वतःच्या चुकीची लाज वाटत होती आणि त्या पानाचा विषय लवकर संपावा असेही वाटत असावे. 'असा तसाच' म्हणताना त्यांनी माझ्यावर दिवा पाडला.

बाई म्हणाल्या, "नाही काका. बंद खुर्चीला सगळं रिकामंच दिसतं, आणि मी तर रिकामंच शोधतेय. तिथून एखादा तुकडा निसटला तर मला वाटेल, सापडलं. फसेन मी. हा मंद आहे, मला माहीत आहे. पण तो गप्प असला की तिथं खरंच काही नसतं. तेवढं सांगणारा मला तिथं हवाच."

मंद हा शब्द मी आयुष्यभर ऐकला होता. त्या दिवशीही तो टोचला, खोटे कशाला बोलू. पण त्याच्या पुढचे वाक्य मी अजून मनात धरून आहे.

काकांनी दोन्ही तारा काढल्या आणि आधी एक लावली, तिच्यावर खूण केली, मग दुसरी लावली. वहीच्या त्या जुन्या पानावर त्यांनी शिडीवर बसूनच लिहिले. अक्षर लहान होते, पण एकही शब्द गाळलेला नव्हता. समितीने ते पान पाहिले, दोनदा प्रश्न विचारले आणि नावे सरळ करायला परवानगी दिली. काकांना कुणी काही बोलले नाही. फक्त 'तीस वर्षांत एक तार चुकली नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा कुणी ऐकले नाही.

झाकण काढले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. आमचे दार अजून उघडेच होते, म्हणून दालनात लावलेल्या मोठ्या पडद्यावरचे सगळे मलाही दिसले. बाईंनी आधीच लिहून ठेवले होते की हा दुर्मिळ प्रकार मुळात नसलाच, तरी इतर गोंधळातून नऊएक टकरी चुकून तशा दिसतील. पडद्यावर आकडा आला एकवीस. बाई खुर्चीवर बसल्या, चष्मा काढला आणि कितीतरी वेळ तो पुसत राहिल्या. एकवीस म्हणजे जगापुढे 'आहे' असे म्हणण्याइतके. त्यातल्या दोन टकरी आम्हा दोघांच्या पाटीमुळे वर्षभर फेकल्या गेल्या होत्या. तुकडा एकीकडे पडला तरी दुसरीकडे जास्तीची एक खुर्ची एकटीच चमके, म्हणून संगणक त्या टकरी बाद करत होता. आता नावे सरळ झाल्यावर त्या दोन्ही परत आल्या.

बाईंनी त्यातल्या एकीचे चित्र मोठे करून छापले. त्या चित्रात भावाचा चौकोन झगझगीत उजळला आहे, तो एकमेव दिसणारा तुकडा त्याच्यात येऊन शिरला होता. माझा चौकोन पांढरा, कोरा. लोक येतात, भावाच्या चौकोनावर बोट ठेवतात आणि म्हणतात, हा पाहा. बाईंनी मात्र निवृत्त व्हायच्या आधी नव्या मुलांना ते चित्र समजावताना कोरे चौकोन एकेक करून मोजून दाखवले. त्यात मीही मोजला गेलो. महिन्याच्या यादीत भाऊ पुन्हा वर गेला आहे, मी पुन्हा तळाशी आलो आहे, आणि पोटात दुखते का म्हणाल, तर दुखते.

आता काही वर्षांत आमच्यातल्या पुष्कळांच्या जागी नवे स्फटिक येणार आहेत. कुणाला ठेवायचे, कुणाला काढायचे, याच्या याद्या पुन्हा होतील. यादी करणारे कदाचित तुमच्यातलेच कुणी असतील. मित्रांनो, माझी एवढीच कळकळीची विनंती आहे. कुणाच्याही नावावर रेघ मारण्याआधी दार उघडा, शिडी चढा आणि त्याची तार कुठे जाते ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. त्या दिवशी बाईंनी सही केली असती तर भावाच्या नावाखाली मीच कायमचा बंद झालो असतो, आणि बंद होईपर्यंत मनातल्या मनात टाळ्या वाजवत राहिलो असतो.